डावखुऱ्यांचं गाव

तिला सगळे कात्री म्हणत. पाठीमागे तर म्हणतच, तोंडावरही म्हणत. समोर कोण उभं आहे हे न बघता तिची जीभ चालायची. दूधवाला, पोस्टमन, घरमालकाचा मुलगा, कोणी तिच्या तावडीतून सुटलेलं नव्हतं. "तापट बाई आहे हो," असं म्हणून लोक मोकळे होत. तापट होतीच. पण चुलीला तापट म्हणून नाव ठेवताना आत लाकडं कोणी सरकवली हेही बघावं की नाही? तेवढी सवड कोणाला असते!

काम मात्र थंड डोक्याचं. छपाई नुकतीच सुरू झाली त्या काळच्या पुस्तकांतली चित्रं हाताने जशीच्या तशी उतरवायची, हा त्या घराचा धंदा. त्या काळी चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरायचे, काळ्या शाईत छापायचे आणि मग कोणीतरी बसून त्यात रंग भरायचं. आता ती पुस्तकं काचेच्या पेटीत बंद आहेत, हात लावायचीही सोय नाही. म्हणून ग्रंथालयं, संग्रहालयं आणि चार पैसे बाळगणारे शौकीन लोक त्यांच्या प्रती करून घेतात. मशीनवर प्रत निघत नाही असं नाही. पण ती भिंतीवर लावली की कॅलेंडर लावल्यासारखी दिसते.

खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, वर एक लांबट खोली, तिच्यामागे राहायच्या दोन खोल्या. लांबट खोलीला कारखाना म्हणायचं. कारखान्यात माणसं तीन. खिडकीपाशी मोठ्या टेबलावर तिचा थोरला भाऊ, दादा. तो रेघ काढायचा. आत नळाजवळच्या टेबलावर कात्री. ती रंग भरायची. आणि मधे खुर्ची टाकून बाबा. ते दोघांच्या चुका काढायचे. वय झालं होतं, गुडघे गेले होते, पण नजर अशी की भिंग न लावता कागदावरचा केस दिसावा.

घराचे दोन नियम होते. पहिला, चूक सुधारायची नाही. ठोकळ्याचा टवका उडून मूळ चित्रातली रेघ तुटली असेल, तर आपलीही तिथेच तुटली पाहिजे. जुन्या रंगाऱ्याने लाल रंग डगल्याबाहेर सांडून ठेवला असेल, तर आपणही तितकाच सांडायचा. किड्याने पान खाल्लं असेल तर ते भोकसुद्धा रंगवायचं. दुसरा नियम, प्रतीच्या मागे पेन्सिलीने नाव लिहायचं ते रेघ काढणाऱ्याचं. रंग भरणाऱ्याचं नाही.

"रेघ म्हणजे चित्र," बाबा म्हणत. "रंग म्हणजे नुसते कपडे."

"मग एकदा कपडे न घालता बाजारात जाऊन या," कात्री म्हणायची, "म्हणजे कळेल कपड्यांचं काय ते."

दादा खाली मान घालून हसायचा. वहिनी, म्हणजे दादाची बायको, आतून हसायची. बाबा मात्र हसत नसत. ते म्हणत, "नळ टपकतोय, बंद कर." प्रतीच्या मागे तिचं नाव कधी लागलं नाही. अर्धं आयुष्य त्या नळाजवळ गेलं. लोक प्रत हातात घेऊन म्हणत, "वा, काय रंग आहेत!" आणि उलटी करून दादाचं नाव वाचत.

रंगाला ती बसली ती काही हौसेने नाही. लहानपणी ती डावखुरी होती. दादाला बाबा रेघ शिकवत तेव्हा ती जमिनीवर पालथी पडून, जे मिळेल त्या कागदावर डाव्या हाताने तेच काढत बसायची. एका दुपारी तिने एक गोगलगाय काढली. बाबांनी तो कागद उचलला, उभ्या उभ्या बघितला आणि खिशात घातला. दुसऱ्या दिवशी कागदांचे गठ्ठे बांधायची फीत घेऊन त्यांनी तिचा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधला.

"डाव्या हाताने शाई पुसली जाते," ते म्हणाले. "या धंद्यात डावा हात चालत नाही. उजव्याने शीक."

ती रडली, चावली, खुर्चीसकट पडली. फीत रोज बांधली गेली. आई तेव्हा होती, ती म्हणायची, "अहो, पोर आहे, सोडा आता," पण तिच्या म्हणण्याला त्या घरात काडीची किंमत नव्हती. उजवा हात शेवटी शिकला, पण त्याची रेघ मेलेलीच राहिली. "हिला रंगाला बसवू," बाबा म्हणाले, आणि ती बसली. कारण तिला पटलेलं होतं. डाव्या हाताने शाई पुसली जाते, हे खरंच होतं. तिने स्वतः पुसलेली पाहिली होती. आपलं नशीबच उलट्या बाजूला लागलंय, त्याला बाबा काय करणार, असं तिला वाटायचं. राग यायचा तो नशिबाचा, नळाचा, दूधवाल्याचा.

मग ते ग्रंथालयाचं काम आलं.

शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाचे एक गृहस्थ स्वतः जिना चढून आले. मऊ आवाजाचे, बोलता बोलता टोपी हातात फिरवत राहणारे. नव्या दालनाची एक अख्खी भिंत जुन्या पुस्तकातल्या चित्रांनी भरायची होती. पुस्तक कारागिरांचं होतं. पानोपानी एकेक धंदा: न्हावी, चांभार, सुतार, दोर वळणारा, घंटा ओतणारा, लेखनिक. प्रत्येकाच्या खाली चार ओळी.

"भिंतीच्या टोकाला पाटी लावणार आहोत," ते म्हणाले. "चित्रं ज्याच्या हातची, त्याचं नाव मोठ्या अक्षरांत."

बाबांची छाती फुगली. दादाचा चेहरा मात्र पडला, तो का ते तेव्हा कोणाला कळलं नाही.

गृहस्थांनी नमुन्याचे मोठे फोटो टेबलावर पसरले आणि कात्री नळाजवळून उठून बघायला आली. बघता बघता तिचे डोळे बारीक झाले. न्हाव्याचा वस्तरा डाव्या हातात होता. चांभाराची आरी डाव्या हातात. सुताराची करवत, लेखनिकाची लेखणी, सगळं डाव्या हातात.

"हे असं कसं?" तिने विचारलं.

"चोरी," बाबा म्हणाले. बोलायला मिळालं म्हणून खूश होते. "पहिलं पुस्तक खूप खपलं. मग दुसऱ्या गावच्या छापखान्याने त्यातली पानं फाडून ठोकळ्यावर चिकटवली नि वरून कोरली. छापल्यावर सगळं उलटं आलं. उजव्याचं डावं झालं. कोणाच्या लक्षात आलं नाही, का आलं तरी कोणी पर्वा केली नाही. ग्रंथालयाकडे आहे ती ही चोरीची आवृत्ती."

म्हणजे अख्खं गावच डावखुरं. कात्री तिथे किती वेळ उभी होती तिलाच कळलं नाही. त्या गावात कोणाचाच हात बांधलेला नव्हता. न्हावी मजेत दाढी करत होता आणि गिऱ्हाईकही निर्धास्त मान वर करून बसलं होतं. तिच्या डोक्यात कसलीतरी तिडीक उठली. "रंगाचं बघ आता," बाबा म्हणाले, तशी ती परत नळाकडे गेली.

काम काही पुढे सरकेना. बाह्यरेषा पातळ कागदावरून उतरवता येते, त्यात काही विशेष नाही. खरी गंमत असते सावलीच्या बारीक रेघांत. एकीला लागून एक अशा तिरक्या शेकडो रेघा. बाबा शिकवायचे, रेघेला डोकं असतं नि शेपूट असतं. ब्रश टेकतो तिथे डोकं, उचलतो तिथे शेपूट. या उलट्या चित्रांत सगळी डोकी पलीकडच्या बाजूला गेली होती, आणि दादाचा उजवा हात जन्मभर अलीकडून पलीकडे ओढायला शिकलेला. त्याने रेघा ढकलून बघितल्या, त्या थरथरल्या. कागद फिरवून बघितला, तर न्हाव्याची बोटं गाजरं झाली.

"ही रेघ आहे का मेलेल्या झुरळाच्या तंगड्या?" बाबा ओरडत. "फाडून टाक! परत काढ!"

दादा हूं की चूं न करता परत काढायचा. त्याचे केस पिकले होते, चष्मा लागला होता, आणि बाप त्याला अजून शाळकरी पोरासारखा झापत होता. कात्रीला त्याचाही राग यायचा. उलटून बोलायला काय होतं याला? रेघ मिळाली, खिडकी मिळाली, नाव मिळालं, जीभ तेवढी मिळाली नाही!

एका सकाळी दादा बाबांना गुडघ्यासाठी डॉक्टरकडे घेऊन गेला. वहिनी दवाखान्यात नाव नोंदायच्या खिडकीवर कामाला होती, ती आधीच गेलेली. कारखान्यात कात्री एकटी. ती दादाचे ब्रश धुवायला खिडकीपाशी गेली आणि तिला तो न्हावी दिसला, त्या झुरळाच्या तंगड्यांसकट. तिला सहनच होईना. तिने नवा कागद ताणला, बाह्यरेषा उतरवली, दादाच्या खुर्चीवर बसली आणि ब्रश घेतला. उजव्याने दोन रेघा काढल्या. मेलेल्या. मग तिने ब्रश डाव्या हातात घेतला.

हात विसरला असेल असं तिला वाटलं होतं. हात काही विसरला नव्हता. पहिली रेघ अडखळली, दुसरी कमी अडखळली, दहाव्या रेघेला तर हात तिची वाट न बघता पुढे गेला. डोकं तिथे डोकं, शेपूट तिथे शेपूट. गिऱ्हाइकाच्या अंगावरचं कापड बघता बघता फुगलं, त्याला घड्या पडल्या. आणि मग तळहात ओल्या शाईवरून फिरला नि सगळं फिसकटलं.

झालं. बाबांचं खरं होतं. डाव्या हाताने शाई पुसली जाते.

तिने कागद टराटरा फाडला. फाडताना ती थांबली. आपण डावीकडून का सुरुवात केली? दादा डावीकडून करतो म्हणून. सगळे करतात म्हणून. तिने दुसरा कागद ताणला आणि उजव्या कडेपासून सुरुवात केली. हात डावीकडे डावीकडे सरकत गेला, कायम कोऱ्या कागदावर. ओली शाई मागे राहिली, सुखरूप. पूर्ण न्हावी झाला आणि एक डाग नाही.

एवढंच? बस, एवढंच होतं?

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी साधी गोष्ट. कोणी एका वाक्यात सांगितली असती तर तिचं अख्खं आयुष्य त्या नळाजवळून खिडकीपाशी आलं असतं. आणि या गोष्टीला अक्कल लागत नाही. लहान मुलालाही सुचेल. मग ज्यांनी जन्मभर शाई नि रेघ याशिवाय दुसरं काही बघितलं नाही, त्या बाबांना सुचलं नसेल?

हा प्रश्न तिच्या घशात अडकला तो तिथेच राहिला. तिने न्हावी दादाच्या टेबलावरच्या तिरप्या फळीवर टाचून ठेवला. येऊ देत, बघू देत, मग सांगते, असं तिने ठरवलं.

बाबा आले, खुर्चीत बसायच्या आधीच त्यांची नजर फळीवर गेली. जवळ गेले. भिंग काढलं, जे ते कधी काढत नसत. बराच वेळ बघितलं. मग वळले आणि दादाच्या पाठीवर थाप मारली.

"जमलं की रे तुला!"

दादाने तोंड उघडलं. कात्रीला वाटलं, आता सांगेल, मी नाही काढलं म्हणेल. त्याने तोंड मिटलं. उभ्या जन्मात त्या माणसाच्या पाठीवर थाप पडलेली नव्हती. ती पडल्यावर त्याचा चेहरा असा काही झाला की बघवेना. आणि कात्री, जी घरमालकाच्या पोराला चारचौघांत रडवून सोडायची, ती मूग गिळून नळाकडे वळली. कशासाठी? तिला ते दादाच्याच तोंडून ऐकायचं होतं, म्हणून.

दादा बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवण झालं, बाबा आत आडवे झाले, आणि दादा चप्पल घालत म्हणाला, "जरा पोस्टात जाऊन येतो." टेबलावर चांभाराची बाह्यरेषा उतरवलेली होती. सावल्या तेवढ्या बाकी. शाई घोटून ठेवलेली. ब्रश ओले करून, डाव्या बाजूला मांडलेले.

तिने मनातल्या मनात त्याला दहा शिव्या घातल्या आणि खुर्चीवर बसली.

मग रोजचंच झालं. पोस्ट, किराणा, चष्म्याचा स्क्रू, दादाला दुपारी नेमकं काहीतरी निघायचं. सुतार झाला, घंटा ओतणारा झाला, लेखनिक झाला. पुस्तकात एक चित्र रंगाऱ्याचंही होतं, पण तेच तिला सगळ्यांत नीरस वाटलं. चेहऱ्यावर काही भावच नाही मेल्याच्या. बाबा प्रत्येक चित्र बघून दादाची पाठ थोपटत, आणि दादा खाली बघत राही. तिला कधीही थांबता आलं असतं. ती थांबली नाही. त्या खुर्चीवर बसल्यावर तिच्या अंगात जे चालू व्हायचं, ते दुसरीकडे कुठे होतच नसे. त्यासाठी ती राग गिळायची. संध्याकाळी तो राग भांड्यांवर, दूधवाल्यावर, जिन्यावर निघायचा.

वहिनीच्या लक्षात आलंच. "ताई, तुमच्या डाव्या करंगळीला शाई कशी हो?"

"खाजत होतं."

"शाईने खाजवलंत?" वहिनी जवळ आली. आवाज खाली घेऊन म्हणाली, "मी बोलू का यांच्याशी?"

"काही नको. तोंड देवाने त्यालाही दिलंय. कधीतरी वापरू दे."

गृहस्थ परत आले तेव्हा फक्त दोर वळणाऱ्याचं चित्र बाकी होतं. बाकीची सगळी भिंतीला लावून ठेवली होती. ते एकेका चित्रापुढे थांबत पुढे सरकले. टोपी फिरवायचीही थांबली.

"ही रेघ..." ते म्हणाले. "मूळ कोरणाऱ्याच्या हातात हात घालून काढल्यासारखी आहे. पाटीवर नाव कोणाचं घालू?"

"मुलाचं," बाबा म्हणाले. "रेघ मुलाची. रंग मुलगी बघते."

कात्री दादाकडे बघत राहिली. दादा चष्मा पुसत होता. पुसत होता, पुसत होता, काच झिजून जाईल इतका पुसत होता. गृहस्थांच्या खिशातून पेन निघालं. आता जर नाव लिहिलं गेलं तर ते भिंतीवर चढेल आणि ती मेल्यावरही तिथेच राहील, हे तिला लख्ख दिसलं.

"रेघ माझी आहे," ती म्हणाली.

गृहस्थांचं पेन थांबलं. बाबा हसले. "तिचा स्वभावच तसा आहे. मनावर घेऊ नका."

"दादा, सांग त्यांना."

दादा चष्मा पुसतच राहिला. गृहस्थ बिचारे अवघडले, दुसऱ्याच्या घरातलं भांडण बघायला लागलं की सभ्य माणूस अवघडतो तसे. "मी उद्या सकाळी येतो," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मग ती जी फुटली! "लाज नाही वाटत? एकेक रेघ मी काढली, या हाताने काढली, आणि हा पाठ थोपटून घेतो! बाबा, तुमच्या नाकाखाली मी त्या खुर्चीवर बसत होते रोज दुपारी, आणि तुम्हाला पत्ता नाही? तुम्हाला? कागदावरचा केस ओळखणाऱ्या माणसाला?"

"पत्ता नव्हता कोण म्हणालं?" बाबा शांतपणे म्हणाले. "तो न्हावी बघितला तेव्हाच कळलं. दुपारी मी झोपतो थोडाच? पडल्या पडल्या तुझ्या ब्रशचा आवाज ऐकत होतो. त्याच्या हाताला असा वेग कुठला?"



"मग याची पाठ का थोपटलीत?"

"काम होतंय ना? मग झालं की."

घशात अडकलेला प्रश्न आता आपोआप बाहेर पडला. "उजवीकडून सुरुवात केली तर शाई पुसत नाही. हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"ते काय, कोणालाही माहीत असतं."

"मग हात का बांधलात?"

बाबांनी गुडघा चोळला. चोरी पकडल्यासारखा चेहरा नव्हता त्यांचा. घरचा हिशेबी माणूस जुनी गोष्ट समजावून सांगतो तसे बोलले. "ती गोगलगाय. याला मी दोन वर्षं शिकवत होतो, याच्या हाताला ते वळण येत नव्हतं. तू न शिकता, जमिनीवर लोळत काढलंस. मला तेव्हाच दिसलं पुढे काय होणार ते. रेघेची खुर्ची घरात एकच. तू बसली असतीस तर याने काय करायचं? थोरला मुलगा. उद्या संसार करणार. मुलगी काय, आज इथे, उद्या दुसरीकडे."

"दुसरीकडे?" तिचा आवाज चिरकला. "कुठे गेले मी? सांगा ना, कुठे गेले? इथेच तर आहे! त्या नळाजवळ!"

"तेव्हा काय माहीत," बाबा म्हणाले. "मला एवढंच माहीत होतं की हा तुझ्या हाताखाली रंग कालवत बसला नसता."

"बसलो असतो."

आवाज इतका हलका होता की आधी कोणाचा ते कळलंच नाही. दादा बोलला होता.

"काय म्हणालास?"

"बसलो असतो मी, बाबा. आनंदाने बसलो असतो." त्याने चष्मा टेबलावर ठेवला. "मला रेघ कधीच आवडली नाही. भीती वाटते मला रेघेची. रोज सकाळी त्या खुर्चीवर बसताना मी तिच्या टेबलाकडे बघत असतो, ती निळा कसा कालवते ते. मला ते हवं होतं."

कात्रीला राग उसळून आला तो दादावरच. "आणि हे सांगायला केस पिकायची वाट बघत होतास?"

"तू विचारलंस कधी?"

"मी? मी विचारायचं? माझा हात बांधलेला होता, तुझं तोंड कोणी बांधलं होतं?"

जन्मात पहिल्यांदा ती दोघं एकमेकांवर ओरडली. इतकी ओरडली की खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन बघून गेला. दादाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "तिकडे रड. लेखनिकावर थेंब पडेल."

बाबांनी हात वर केला. "पुरे. घरातली गोष्ट घरात राहू दे. पाटीवर याचं नाव जाऊ दे, लोकांत शोभा नको. इथून पुढे रेघ तू काढ. खुशाल काढ. मी काही म्हणणार नाही. मग तर झालं?"

रेघ मिळत होती. खिडकी मिळत होती. लहानपणी हे कोणी दिलं असतं तर तिने उड्या मारल्या असत्या.

"नाही झालं," ती म्हणाली. "उद्या ते आले की रेघ कोणाची ते सांगायचं. मी नाही सांगणार. दादाही नाही. तुम्ही. तुमच्या तोंडाने."

सकाळी गृहस्थ आले तेव्हा ती खिडकीपाशी बसून दोर वळणाऱ्याच्या सावल्या काढत होती, डाव्या हाताने, उजव्या कडेपासून. दादा नळाजवळ हिरवा कालवत होता आणि तो फार पातळ झाला म्हणून तिच्या शिव्या खात होता. गृहस्थ तिच्या हाताकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी बाबांकडे बघितलं. सगळेच बाबांकडे बघत होते, दवाखान्यात उशिरा जायचं म्हणून थांबलेली वहिनीसुद्धा.

बाबांनी घसा खाकरला. एकदा दादाकडे पाहिलं. दादाने मान वर केली नाही.

"रेघ मुलीची आहे," बाबा म्हणाले.

गृहस्थांचा चेहरा उजळला. त्यांनी पेन काढलं, तिचं नाव विचारून कागदावर लिहिलं. मोठ्या अदबीने म्हणाले, "काय हात आहे! कुठे शिकल्या या?"

आणि बाबा खुर्चीत ताठ झाले, मान मागे टाकली, आणि कौतुकाने म्हणाले, "मीच शिकवली. लहानपणापासून."

कात्रीचा ब्रश हवेत थांबला. वहिनीने तोंडावर हात ठेवला. कात्रीने ब्रश पाण्यात बुडवला, पुसला, सरळ ठेवला आणि गृहस्थांकडे वळली. ती ओरडली नाही. इतक्या खालच्या आवाजात ती बोललेली घरात कोणी ऐकलं नव्हतं.

"यांनी मला शिकवलं नाही. या हाताने रेघ येते हे बघितलं आणि तो खुर्चीला बांधून ठेवला, मला येत होतं म्हणून. तुमच्या पाटीवर जागा असेल तर माझ्या नावाखाली तेही लिहा."

गृहस्थ गोंधळले. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीकडे बघत होते.

"पण हे... हे पाटीवर कसं लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं तसं," कात्री म्हणाली, आणि शाई सुकत होती म्हणून तिने ब्रश उचलला.